जळगाव बरं की धुळं?
मे महिन्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला खान्देशी माणूस आधी पाणी पाजतो, मग उत्तर देतो. पारा दोन्हीकडे ४४ च्या आसपास घुटमळतो, तेव्हा दुपारवरून गाव निवडण्यात अर्थ नाही, रात्रीवरून निवडावं. धुळं जरा उंचावर. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं की दहानंतर गादी अंगाला भाजत नाही. जळगावात मध्यरात्रीही भिंती तापलेल्या आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतायला कुणाला तरी उठावंच लागतं. (तो कुणीतरी बहुधा घरचा जावई नसतो.) पोटापाण्याचं म्हणाल तर मात्र जळगावला तोड नाही. सराफ बाजार, केळी, डाळ मिला, ठिबकचा कारखाना, शिवाय मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन. धुळ्याची रेल्वे म्हणजे चाळीसगावहून आलेला फाटा. पण १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले, तोवर कचेरीचा मान धुळ्याचाच. ब्रिग्ज साहेबाने आखलेल्या सरळ गल्ल्या अजून नंबरानेच ओळखल्या जातात, राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद चाळत दुपार काढता येते, आणि १९३२ साली विनोबांनी गीता सांगितली ती इथल्याच तुरुंगात. पगार जळगावचा आणि रात्र धुळ्याची मिळाली तर सोन्याहून पिवळं. एकच निवडायचं तर माझं मत धुळ्याला. फक्त खोली बघताना भाड्याच्या आधी नळ कितव्या दिवशी येतो ते विचारा.