काम आपले, नमुना कोणाचा?

खास प्रतिनिधी

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे ही गावे गणेशमूर्तींची गावे म्हणून ओळखली जातात. येथील कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. त्याने आखलेली मूर्ती समोर ठेवली, की बोलणे संपते. मात्र तीच मूर्ती मुंबई-पुण्याच्या बाजारात पोहोचते, तेव्हा ती केवळ ‘पेणची मूर्ती’ असते. डोळे कोणी आखले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. अनेक मूर्ती तर रंगाविनाच रवाना होतात आणि त्यांच्यावर रंग चढतो तो दुसऱ्याच्या कारखान्यात. हुन्नर गावाचा आणि नाव बाजाराचे, हा प्रकार येथे नवा नाही.

छायाचित्रांवर संगणकाच्या साह्याने अखेरचा हात फिरविणाऱ्या, म्हणजेच ‘फोटो रिटचिंग’ करणाऱ्या तरुणांपुढे आज असाच प्रश्न उभा आहे. या व्यवसायातही पदविकेपेक्षा कामाचे नमुने मोलाचे मानले जातात. नोकरीच्या अर्जासोबत ‘पोर्टफोलिओ’चा इंटरनेटवरील पत्ता मागितला जातो. परंतु त्यात ठेवायची छायाचित्रे बहुधा अर्जदाराच्या मालकीची नसतात.

न दिसणारे कौशल्य

रिटचिंग ही कला जुनीच आहे. पूर्वी स्टुडिओतील कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरील डाग झाकत असे. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ची पहिली आवृत्ती बाजारात आली आणि हे काम पडद्यावर गेले. आता लग्नाचे अल्बम, दागिन्यांच्या जाहिराती, ऑनलाइन दुकानांतील कपडे या सर्वांना हा हात लागतो.

या कामाचे वैशिष्ट्य असे, की ते जितके उत्तम तितके ते दिसत नाही. चेहऱ्यावरील डाग जावा. पण त्वचेचा पोत राहावा. केसांची कड कापलेली वाटू नये. धूपछाँव पैठणीचे दोन्ही रंग प्रत्यक्षातल्यासारखे उमटावेत. हे कौशल्य पटवून द्यायचे, तर ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ अशी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवावी लागतात. अडचण सुरू होते ती येथेच. ज्या वधूने सुंदर दिसण्यासाठी पैसे मोजले, तिचा मूळ चेहरा जगापुढे मांडण्याचा अधिकार रिटचिंग करणाऱ्याला कोणी दिला?

कायद्यात कर्ता कोण?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ या बाबतीत बराच स्पष्ट आहे. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ठरतो तो काढून घेणारा ग्राहक. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाचा हक्क असतो. छायाचित्राच्या कर्त्याच्या या व्याख्येत रिटचिंग करणाऱ्याला स्वतंत्र जागा नाही. त्यातच अनेक ठिकाणी गोपनीयतेचा करार असतो. परिणामी, पाच वर्षे नामवंत ब्रँडसाठी राबलेल्या कारागिराला आपले सर्वोत्तम काम दाखविता येत नाही आणि दाखविले तर नव्या मालकालाही शंका येते, की हा उद्या आपलीही छायाचित्रे अशीच बाहेर ठेवील.

वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. ओळखता येणारा चेहरा असलेले डिजिटल छायाचित्र ही देखील वैयक्तिक माहितीच. त्यामुळे संमतीचा प्रश्न यापुढे केवळ सौजन्याचा उरणार नाही.

यंत्राची भर

सन २०२३ मध्ये फोटोशॉपमध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी चित्रनिर्मितीची सोय आली. पार्श्वभूमी बदलणे, नको ती वस्तू काढणे ही तासांची कामे क्षणांवर आली. याचा एक परिणाम असा, की केवळ चकचकीत ‘नंतरचे’ छायाचित्र आता कौशल्याचा पुरावा ठरत नाही. नमुन्यावर छापलेली नावाची खूणही अशाच साधनांनी पुसता येते. दुसऱ्याचा नमुना स्वतःचा म्हणून खपविणे त्यामुळे अधिकच सोपे झाले आहे.

पुराव्याची जागा म्हणूनच बदलत आहे. निकालापेक्षा प्रक्रिया महत्त्वाची ठरू लागली आहे. कामाचे थर क्रमाने उलगडणारी पडद्यावरील छोटी चित्रफीत, कोणता निर्णय का घेतला याच्या दोन ओळी, यांतून कारागिराची नजर कळते. मूळ थरांची फाइल मात्र कोणाच्याही हाती देऊ नये. ती देणे म्हणजे कारखानदाराने साचाच देऊन टाकणे होय.

मार्ग काय?

पहिला मार्ग करारातच आहे. काम स्वीकारतानाच, नमुना म्हणून ते दाखविण्याची परवानगी बिलावर एका ओळीत लिहून घेता येते. छायाचित्रात व्यक्ती असल्यास तिची संमती वेगळी घ्यावी. परवानगी नसेल तेथे चेहरा न दाखविता कापडाचा, दागिन्याचा तुकडा दाखविण्याबाबत ग्राहकाशी बोलता येते. दुसरा मार्ग स्वतः छायाचित्रे टिपून त्यांवर काम करण्याचा. इंटरनेटवर ठेवताना छायाचित्र ‘एसआरजीबी’ या सर्वमान्य रंगपद्धतीत बदलावे, अन्यथा घरी उजळ दिसणारा रंग मालकाच्या पडद्यावर फिका पडण्याची शक्यता असते.

सावधगिरी दोन्ही बाजूंनी हवी. चाचणी म्हणून एखादे छायाचित्र करून देणे रास्त. पण डझनावारी छायाचित्रे ‘चाचणी’साठी आली, तर ती फुकटची मजुरी समजावी. नोकरीपूर्वी नोंदणी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

जोहेसारख्या गावात रंगाची आणि रेषेची नजर घराघरांत आहे. मूर्तिकामाचा हंगाम चतुर्थीबरोबर सरतो, तर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील निर्बंधांनी गेल्या काही वर्षांत या धंद्याला अनिश्चिततेची झळही लावली आहे. येथील एखाद्या तरुणाने संगणकाची वाट धरली, तर नमुन्यांसाठी त्याला दूर जाण्याचे कारण नाही. आखणीपूर्वीची आणि आखणीनंतरची मूर्ती त्याच्या अंगणातच आहे. अर्थात, कायद्याच्या दृष्टीने मूर्ती ही देखील कलाकृती आणि तिलाही कर्ता असतो. छायाचित्र टिपण्यापूर्वी त्या कारागिराला विचारावे आणि खाली त्याचे नाव लिहावे. आपल्या कामाला नाव मिळावे असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याच्या कामाचे नाव गाळून चालणार नाही.