बुजगावण्याला घाबरतात ती मोठी माणसं

मुलांच्या भयकादंबरीविषयी वाचकांना विचारावं, तर उत्तरं ठरलेली असतात. कुणाला ती फार भीतिदायक वाटते, तर कुणाला अजिबात भीती वाटत नाही. कॅथरिन आर्डन या अमेरिकन लेखिकेच्या ‘स्मॉल स्पेसेस’ या २०१८ च्या कादंबरीचंही असंच झालं आहे. शेतावरची सहल, धुकं आणि रात्री हलणारी बुजगावणी असा तिचा ऐवज. तिच्यावरचे आक्षेप मात्र याच दोन टोकांवर थांबत नाहीत. पुस्तक मुलांना झेपणारं नाही, ते संथ आहे, त्यात आईच्या मृत्यूचं दुःख उगाच घुसवलं आहे आणि बुजगावणं ही तर शिळी कढी, असे हे चार आक्षेप आहेत. प्रत्येकाला उत्तर द्यायला हवं, कारण हे चारही आक्षेप आपल्याकडे मुलांसाठी पुस्तकं निवडणारी माणसंही घेतात.

आधी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं एव्हन्सबर्ग हे छोटं गाव. अकरा वर्षांची ऑली ॲडलर तिथे सहावीत शिकते. आई अपघातात गेल्यापासून तिने बुद्धिबळ सोडलं, सॉफ्टबॉल सोडला आणि पुस्तकात डोकं खुपसून बसायला सुरुवात केली. एकदा ओढ्याकाठी तिला एक बाई रडताना दिसते. बाई हातातलं छोटं पुस्तक पाण्यात टाकणार, तोच ऑली ते हिसकावून पळ काढते. पुस्तकात दोन भावांची आणि त्यांच्याशी सौदा करणाऱ्या एका ‘हसऱ्या माणसा’ची जुनी हकिगत असते. मग वर्गाची सहल ‘मिस्टी व्हॅली’ नावाच्या शेतावर जाते आणि पुस्तकातल्या माणसांची नावं ऑलीला तिथल्या थडग्यांवर वाचायला मिळतात. परतीच्या वाटेवर धुक्यात बस बंद पडते. मदत आणायला गेलेले शिक्षक परत येत नाहीत. ऑलीच्या मनगटावर आईचं बंद पडलेलं डिजिटल घड्याळ असतं. ते अचानक सुरू होतं, सूर्यास्ताला किती वेळ उरला ते मोजू लागतं आणि त्यावर एकच शब्द उमटतो : पळ. कोको आणि ब्रायन या वर्गसोबत्यांसह ऑली बसमधून उतरते. बाकीची मुलं बसमध्येच राहतात.

पहिला आक्षेप झेपण्या-न झेपण्याचा. हा आक्षेप घेणारे सगळ्या भयकथांना एकाच दावणीला बांधतात. अमेरिकेतच ॲल्विन श्वार्ट्‌झ यांची ‘स्केअरी स्टोरीज टु टेल इन द डार्क’ ही मालिका आहे. १९९० ते १९९९ या दशकात वाचनालयांतून हटवण्याची मागणी ज्या पुस्तकांबाबत सर्वाधिक झाली, त्यांची यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने केली. तिच्यात ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. मालिकेच्या १९९१ च्या तिसऱ्या पुस्तकात ‘हॅरॉल्ड’ नावाची बुजगावण्याची गोष्ट आहे. दोन गुराखी कंटाळा घालवायला माणसाएवढी बाहुली बनवतात, नावडत्या शेतकऱ्याचं नाव तिला ठेवतात, तिला शिव्या देतात, तिच्या तोंडाला खरकटं फासतात. बाहुली जिवंत होते आणि शेवटी त्यांच्यातल्या एकाचं कातडं छपरावर वाळत घालते. गोष्ट इथेच संपते. घाबरलेल्या मुलाच्या हाती कुठलाच उपाय पडत नाही. लोककथा म्हणून तिची ताकद वादातीत आहे. पण ती आठ वर्षांच्या मुलाला झोपताना वाचून दाखवू नये, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

‘स्मॉल स्पेसेस’चा प्रकार निराळा आहे. यातल्या बुजगावण्यांना हातांच्या जागी दंताळी आणि खुरपी आहेत, पण रक्ताचा सडा नाही. मुख्य म्हणजे इथल्या भीतीला नियम आहेत आणि ते मुलांना आधीच सांगितलेले आहेत. दिवसा बुजगावणी हलत नाहीत. अंधार पडला की मोकळ्यावर थांबायचं नाही, जिथे ती शिरू शकणार नाहीत अशी अरुंद जागा गाठायची. पुस्तकाचं नावच हा सल्ला आहे. वाचणारं मूल ऑलीच्या जोडीने सूर्याकडे बघतं, वेळ मोजतं, लपायची जागा शोधतं. भीती वाटत असतानाही डोकं चालू ठेवायचं, याचा सराव मुलाला इथे आपल्या अंथरुणात बसून मिळतो. झेपण्याचा प्रश्न विचारणाऱ्यांनी पुस्तकात भीती किती आहे हे जरूर मोजावं, पण तिच्यातून बाहेर पडायची वाट आहे का हेही तपासावं.

दुसरा आक्षेप संथपणाचा. बुजगावणी हलेपर्यंत पुस्तकाचा बराच भाग संपतो, हे खरं आहे. ही तक्रार करणाऱ्यांच्या मनात बहुधा आर. एल. स्टाइन यांची ‘गूजबम्प्स’ मालिका असते. तिच्यातलं विसावं पुस्तक, १९९४ चं ‘द स्केअरक्रो वॉक्स ॲट मिडनाइट’, हेही शेतावरच घडतं. जोडी आणि मार्क ही भावंडं आजीआजोबांकडे सुट्टीला येतात. शेतगडी स्टॅन्ली याला मंत्रांचं पुस्तक सापडलेलं असतं आणि मक्यातली बुजगावणी डुलू लागतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दचका, पान उलटलं की तो खोटा निघतो, पुन्हा नवा दचका. वाचनाची गोडी लावायला हे तंत्र उत्तम आहे आणि स्टाइन यांनी ते करून दाखवलं आहे. मात्र तोच मापदंड प्रत्येक पुस्तकाला लावणं अन्यायाचं आहे.

आर्डन वेळ घेतात तो जागा उभी करायला. ऑक्टोबरमधलं व्हरमाँट म्हणजे लालपिवळी झाडं, भोपळे, महिन्याअखेरचा हॅलोवीन. माणसाच्या डोक्यावरून जाणारा मका तोवर वाळून उभा असतो. त्यातच वाटा कापून भुलभुलैया करतात आणि तिकीट काढून मुलं त्यात हरवायला जातात. तिथल्या मुलांसाठी शेत ही अशी मौजेची जागा. सहलीच्या दिवशी बुजगावणी जागोजागी दिसतात, पण ती नुसतीच उभी असतात. वाचक त्यांना शोभेच्या वस्तू समजतो. त्यामुळे दिवस मावळल्यावर त्याच वाटा, तोच मका आणि तीच बुजगावणी वेगळी दिसतात. दिवसाचं शेत नीट पाहिलं नसतं, तर रात्रीच्या शेताची भीती वाटली नसती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत चुकीचा. वाचक म्हणतात, भुताची गोष्ट होती, तिच्यात मेलेली आई कशाला? मजा किरकिरी झाली. ‘गूजबम्प्स’मध्ये अशी दुःखं सहसा येत नाहीत, हेही त्यांच्या बाजूने खरं आहे. पण आईला काढून टाकलं, तर ‘स्मॉल स्पेसेस’मध्ये काय उरतं? हसरा माणूस कुणाला जबरदस्तीने ओढून नेत नाही. तो सौदा करतो. ज्याला जे हवं ते देतो आणि आवळा देऊन कोहळा काढतो. जुन्या पुस्तकातल्या भावाला हरवलेला भाऊ परत हवा होता, म्हणून तो फसला. ऑलीला काय हवं आहे, हे वाचकाला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असतं. म्हणून शेवटी हसरा माणूस तिच्यापुढे आईच ठेवतो, तेव्हा बुजगावण्यांच्या पाठलागात वाटली नसेल एवढी भीती तिथे वाटते. ही मुलगी हो म्हणणार की काय, ही ती भीती.

ऑली नाही म्हणते. गेलेलं माणूस सौद्याने परत येत नाही, आणि आलंच तर त्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते, हे अकरा वर्षांच्या मुलीला कळतं. तेही कुणी उपदेश न करता. मुलांपासून मृत्यू लपवणारी आपली घरं आहेत. आजोबा ‘गावाला गेले’ असं सांगायचं आणि मुलाने रडू नये अशी अपेक्षा धरायची, ही आपली रीत. लपवल्याने दुःख जात नाही. मूल ते एकटं सोसतं. ऑलीची गोष्ट अशा मुलाला सोबत देते. पुस्तकातलं दुःख उपरं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या कथेचा कणाच ओळखलेला नाही.

चौथा आक्षेप शिळेपणाचा. बुजगावणं जुनं आहेच. नॅथॅनियल हॉथॉर्न यांनी १८५२ मध्ये ‘फेदरटॉप’मध्ये जादूने माणूस बनलेलं बुजगावणं रंगवलं. एल. फ्रँक बॉम यांनी १९०० मध्ये ओझच्या गोष्टीत त्याला चक्क मित्र केलं. तेव्हा प्रश्न उरतो तो आर्डन यांनी त्याचं काय केलं एवढाच. स्टाइन यांच्या गोष्टीत बुजगावणी शत्रू असतात आणि त्यांची मुंडकी उडाली की सुटका होते. आर्डन यांच्याकडे बुजगावणी म्हणजे सौद्यात गमावलेली माणसं, आणि बसमध्ये राहिलेली मुलंही त्यांच्यात जमा होणार. ज्याच्यापासून पळायचं, तो आपलाच बाकावरचा सोबती असू शकतो. मग त्याला मारून कसं चालेल? त्याला सोडवावंच लागतं. एवढा एक बदल केला आणि पळापळीच्या गोष्टीला जबाबदारी चिकटली. याला शिळी कढी म्हणणाऱ्यांनी ती चाखून पाहिलेली नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. शेवट घाईत उरकला आहे. एवढ्या तयारीने उभं केलेलं संकट ज्या वेगाने सुटतं, त्याने वाचक थोडा रिकामा राहतो. हसऱ्या माणसाचे नियम तिथे आणखी कसोटीला लागायला हवे होते. पण ही उणीव बांधणीची आहे. तिच्या आधाराने पुस्तकच मुलांच्या हातून काढून घेणं योग्य नाही.

आपल्याकडचे पालक यावर म्हणतील, ही परक्या मुलखातली भुतं आपल्या मुलांना कशाला? भीतीच्या गोष्टी आपल्याला नव्या आहेत का? शेतात, माळावर वाट चुकवणारा चकवा आपल्या आजीच्या गोष्टींत होता. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, या श्रद्धेने लोक त्याला आजही भल्यामोठ्या चपला वाहतात. रत्नाकर मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत आणि त्यांनीच बालरंगभूमीला ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिली. तिला पाहून पुढच्या रांगेतली मुलं किंचाळली आणि पुन्हा प्रयोगाला आली. मुलांची भीती ही मुलांचीच आवड आहे, हे मतकरींना नेमकं कळलं होतं. तरीही दहा ते चौदा वर्षांच्या मराठी वाचकासाठी कसून लिहिलेली, नियमांची आणि नीतीची चाड असलेली भयकादंबरी शोधायला निघालं, तर हाती फारसं लागत नाही. उसाच्या फडापासून कोकणातल्या पाणंदीपर्यंत जागा आपल्याकडे मुबलक आहेत. लिहिणारे हवेत, आणि ‘मुलं घाबरतील’ म्हणून हस्तलिखित परत न करणारे प्रकाशक हवेत.

तोवर ‘स्मॉल स्पेसेस’ दहा वर्षांपुढच्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला बिनधास्त द्या. आधी स्वतः वाचा. मूल अलीकडेच जवळचं माणूस गमावून बसलं असेल, तर पुस्तक त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, बरोबर बसून वाचा. आणि वाचून झाल्यावर ‘घाबरलास का?’ असं विचारण्यापेक्षा ‘तू ऑलीच्या जागी असतास तर काय म्हणाला असतास?’ असं विचारा.