खाडीतली सकाळ आणि घरातील ज्येष्ठ

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या परतूर भागात पहाटे अंगावरची दुलई दूर करवत नाही. कापसाची वेचणी शेवटाकडे आलेली असते आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांचे नाताळच्या सुट्टीचे बेत फोनवर ठरू लागतात. अलीकडे या बेतांत कोकण हमखास असते. मालवण, तारकर्ली, देवबाग, नाहीतर पलीकडे गोवा. किनाऱ्यावर नुसते फिरणे आता पुरेसे वाटत नाही. स्थानिक मच्छीमाराची होडी दोन-चार तासांसाठी ठरवायची आणि खाडीत किंवा किनाऱ्यालगतच्या पाण्यात गळ टाकून बसायचे, ही हौस वाढली आहे. मग दवाखान्यात विचारणा होते, "डॉक्टरसाहेब, अण्णांना होडीत न्यायचं म्हणतोय. जमंल ना?"

माझे उत्तर बहुतेक वेळा होकाराचे असते. निम्न दुधनेच्या काठावर रोहू-कटल्यासाठी तासन्‌तास गळ धरून बसलेल्या माणसाला आयुष्यात एकदा खाऱ्या पाण्याची ओढ हाताला जाणवावी, यात गैर काय? वयाचे नाव पुढे करून त्यांना हॉटेलच्या खोलीत दूरचित्रवाणीसमोर बसवून बाकीच्यांनी निघून जावे, हे मला पटत नाही. मात्र होकारामागे काही पूर्वतयारी असते, आणि ती होडीवाल्याने नव्हे, घरच्यांनी करायची असते.

आधी वेळ आणि जागा. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै या काळात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीला आपल्या राज्यात बंदीच असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र समुद्र बराच शांत असतो. आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंशांवर पारा असताना मालवणच्या किनाऱ्यावर दुपारी तिशी ओलांडलेली असते आणि समुद्राचे पाणी 26 ते 28 अंशांच्या आसपास कोमट असते. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो, त्यामुळे सकाळी किनाऱ्याजवळचे पाणी सपाट असते. ऊन चढल्यावर खारा वारा सुरू होतो आणि लाटा उठू लागतात. म्हणून सूर्योदयाला निघून दहापर्यंत परतावे.

तिथीचाही विचार करावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाण्याची पातळी फार वर-खाली होते, आणि धक्क्यावरून होडीत उतरायची पायरी कधी कधी कंबरभर खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा हा फरक कमी असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी अष्टमी-नवमीची सकाळ निवडणे हा माझ्या मते गोळीपेक्षा चांगला उपाय आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. खाडीच्या आतले पाणी संथ असते, मुखाशी मात्र लाटा फुटतात. होडीवाल्याला स्पष्ट सांगावे की आम्हांला मुख ओलांडायचे नाही. तांबोशी, काळुंदर, शेवटे, आणि ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात तो चणक, हे मासे खाडीच्या पाण्यातही मिळतात. मोठ्या सुरमईच्या मागे आत समुद्रात जाण्याचा हट्ट तरुणांनी दुसऱ्या दिवशी पुरवून घ्यावा.

आता मूळ मुद्दा. गेल्या हिवाळ्यात सत्तरी उलटलेले एक गृहस्थ मनगटाला प्लास्टर घालून माझ्याकडे आले. खाडीतल्या मासेमारीत त्यांना काही झाले नव्हते. होडी किनाऱ्याला लागली, ते उतरले, वाळूत चार पावले चालले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. चौकशी केली तेव्हा कळले, होडीवर शौचालय नाही हे त्यांना आदल्या दिवशीच समजले होते. त्यामुळे रात्रीच्या जेवणापासूनच त्यांनी पाणी जवळजवळ बंद केले होते. पहाटे मात्र रक्तदाबाची गोळी शिस्तीने घेतली. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते. वर चार तास ऊन. घरच्यांनी निष्कर्ष काढला की यापुढे आबांना कुठे न्यायचे नाही. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. आबांना समुद्र बाधला नव्हता, बाधली होती ती संकोचापोटी सोसलेली तहान.

ज्येष्ठांना तहान मुळातच कमी जाणवते. म्हणून होडीवर पाणी पिण्याची आठवण करून देण्याचे काम कुटुंबातील एकाने आपल्याकडे घ्यावे; दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पुरेत. लघवीचा प्रश्न उघडपणे बोलून सोडवावा. सफर दोन तासांचीच ठरवावी. पुरुषांसाठी रुंद तोंडाची बाटली आणि आडोशाला पंचा असला की झाले. आजींसाठी मोठ्यांचे डायपर हा सरळ मार्ग आहे; त्यात लाजण्यासारखे काही नाही. आजी स्वतः हा विषय काढणार नाहीत, सुनेने किंवा लेकीने तो काढावा.

गोळ्यांचे वेळापत्रक पहाटेच्या होडीशी जुळत नाही, हे लक्षात असू द्यावे. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी परतल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदय कमकुवत असल्यामुळे ती गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने एक दिवसही बदल करू नये. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी होडीत चढणे धोक्याचे आहे. आधी खाणे, मग औषध, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज. घाम फुटणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे हे सारे "बोट लागली" म्हणून सोडून देऊ नये, साखर तपासावी. डापाग्लिफ्लोझिनच्या प्रकारातील, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या अनेकांना चालू असतात. उलट्या होऊन खाणे-पिणे थांबले तर त्या दिवशी ही गोळी थांबवायची असते, अन्यथा रक्तात आम्ल साचू शकते. याबद्दलही निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. इन्सुलिनचे पेन मासे ठेवायच्या बर्फाच्या पेटीत कधीही टाकू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि दिसायला मात्र ते पूर्वीसारखेच दिसू शकते. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलेले बरे.

बोट लागू नये म्हणून दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळ्यांविषयी मला विशेष काळजी वाटते. प्रोमेथाझिनसारखी औषधे तरुणाला फक्त झोप आणतात. ज्येष्ठांना त्यांनी गोंधळल्यासारखे होते, तोल जातो, पुरःस्थ ग्रंथी वाढलेली असेल तर लघवी तुंबते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांत डोळ्यांतील दाब एकदम वाढतो. सिनॅरिझीनने कंपवाताची लक्षणे वाढू शकतात. उलटीसाठी घरोघरी असलेली ओन्डॅनसेट्रॉनची गोळी बोट लागण्यावर फारशी चालत नाही. गोळी घ्यायचीच असेल तर ती डॉक्टरांना विचारून घ्यावी, निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यावी आणि शक्य तर घरी एकदा घेऊन पाहावी. पहिला प्रयोग होडीत नको. त्याहून सोपे उपाय म्हणजे होडीच्या मधोमध बसणे, नजर क्षितिजावर ठेवणे, हलका नाश्ता करणे आणि मोबाइलमध्ये डोके न घालणे. इंजिनाचा धूर येतो त्या बाजूला आजोबांना बसवू नये. आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही.

चढ-उतार हा सर्वांत नाजूक क्षण. एक माणूस होडीत, एक धक्क्यावर, आणि ज्येष्ठांचे दोन्ही हात मोकळे. पिशवी, टोपी, गळाची काठी दुसऱ्याने धरावी. धोतर किंवा नऊवारीचा घोळ पायात येतो, त्या दिवशी पायजमा किंवा सलवार घालावी. जीवरक्षक जाकीट अंगात घालून सर्व पट्टे आवळावेत. ते मांडीवर ठेवून उपयोग नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. पाणी शांत असलेल्या दिवशीही असे घडू शकते. होडीत जास्त माणसे कोंबलेली दिसली किंवा जाकिटे कमी पडली तर दिलेली आगाऊ रक्कम सोडून द्यावी आणि परत फिरावे. समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आणि रुग्णवाहिकेसाठी 108, हे दोन आकडे मोबाइलमध्ये आधीच साठवलेले असावेत.

आता गळ आणि मासे. गळ फेकताना सर्वांच्या डोळ्यांवर चष्मा असावा. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो कातडीत रुतला तर हिसकून काढू नये. दोरी कापावी, गळ तसाच स्थिर बांधून रुग्णालय गाठावे. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जखम दहा मिनिटे सलग दाबून धरावी. थांबले का म्हणून मध्येच उघडून पाहण्याची सवय सोडावी. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात, पाकटाच्या शेपटीतही असतो. हे मासे होडीवाल्यालाच सोडवू द्यावेत. काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, फार तर 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना पुष्कळ उतरते. येथे मधुमेहींसाठी एक सावधगिरी आहे. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि भाजून नवीच जखम होते. पाणी दुसऱ्याने आपल्या हाताने तपासावे. याच मंडळींनी किनाऱ्यावर अनवाणी उतरू नये. खडकावरची कालवे ब्लेडसारखी कापतात. धनुर्वाताची लस पाच वर्षांत घेतली नसेल तर जखमेनंतर ती घ्यावी.

पकडलेला मासा लगेच बर्फात जायला हवा. बांगडा, सुरमई, कुपा उन्हात पडून राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते आणि शिजवूनही ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, धडधडते. केंड मासा गळाला लागला तर पाण्यात सोडून द्यावा. त्याचे विषही शिजवण्याने नष्ट होत नाही. घरातील माळकरी मंडळींना या परिच्छेदाशी कर्तव्य नाही. त्यांनी होडीत बसून पक्षी पाहावेत, किंवा किनाऱ्यावर रापण ओढली जाते ती पाहावी. शेकडो हातांची ती जुनी सामूहिक मासेमारी गळापेक्षा मला स्वतःला अधिक रंजक वाटते.

हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल, चार पावलांत धाप लागत असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही आठवडेच झाले असतील, किंवा स्मृतिभ्रंशामुळे होडीत एकाएकी उभे राहण्याची शक्यता असेल, तर होडी नको. अशांना खुर्ची देऊन धक्क्यावरून गळ टाकू द्यावा. मासा तेथेही लागतो. परतूरहून रेल्वेने मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ असा लांबचा प्रवास करून आल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. प्रवासात तासाला एकदा उठून पाय मोकळे करावेत.

परत आल्यावर एक-दोन दिवस अंथरुणावर पडल्यावर होडी हलल्यासारखी वाटते. हा भास बहुधा आपोआप जातो. त्यासाठी रक्तदाबाची जुनी गोळी वाढवू नये. पण समुद्रात झालेल्या लहानशा जखमेभोवती दोन दिवसांत लाली, सूज, फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोमट खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीचे काही जंतू मधुमेह आणि यकृताच्या रुग्णांत झपाट्याने पसरतात. आपल्याकडे जखम म्हटली की डॉक्टर शेताचे, काट्याचे, बैलाचे विचारतील. समुद्राचे विचारायचे त्यांच्या मनात येणार नाही. जखम खाऱ्या पाण्यात झाली आहे, हे आपणच पहिल्या वाक्यात सांगावे.