सिनेमा तोंडपाठ आहे, मग घाई कसली?

बेळ्ळंदूरच्या मराठी मंडळींनो, शुक्रवार आला. आज संध्याकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी पसरली जाईल, भेळ कालवली जाईल आणि टीव्हीवर पुन्हा एकदा ‘अशी ही बनवाबनवी’ लागेल. ऑफिसातून निघायला तुम्हाला नेहमीसारखा उशीर झालेला असेल. गाडीला किल्ली लावण्याआधी एवढं वाचून घ्या. हात जोडून विनंती आहे.

इब्बलूरला सरजापूर रोड आउटर रिंग रोडला मिळतो. तिथे संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहून बघा. दिवा पिवळा होतो आणि थांबायचं सोडून सगळे पुढे घुसतात. पाण्याचा टँकर डावीकडे वळत असतो, तेवढ्यात त्याच्या डाव्या अंगाच्या फटीत एक स्कूटर शिरते. टँकरवाल्याला ती दिसत नाही. वळताना मोठ्या गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत येतं आणि ती फट बघता बघता मिटते. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने कुणीतरी बाइक दामटत येतो. मेट्रोच्या खांबाआडून हातात डब्याची पिशवी घेतलेली बाई रस्त्यात उतरते. हे रोजचंच. रोज निभावतं, म्हणून आपली नजर मेली आहे. पण ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवशी एखाद्या घराची घडी कायमची विस्कटते.

हे टाळणं तुमच्या हातात आहे. पिवळा दिवा दिसला की थांबा. ब्रेक लावून नीट थांबता येणार नाही इतके जवळ आला असाल, तरच पुढे जा. स्टॉप लाइनच्या मागे उभे राहा. झेब्रावर चाक नेऊ नका. वळणाऱ्या टँकरच्या आणि बसच्या बगलेत शिरू नका, मागे राहा. तुम्ही वळत असाल, तर चालणाऱ्याला आधी जाऊ द्या. मागचा हॉर्न वाजवतो? वाजवू दे.

आणि तो फोन! लक्ष्या-अशोक सराफांची क्लिप ग्रुपवर येऊन पडते. हँडलवर लावलेला फोन उजळतो. तुम्ही फक्त दोन सेकंद बघता. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांत ३३ मीटर, बीएमटीसीच्या जवळपास तीन बसगाड्या एकापाठोपाठ लावल्या तर होईल एवढं अंतर, तुम्ही न बघता कापता. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ तर पायी चालणारी होती. ती सगळी घरीच निघाली होती, किंवा घरातून निघाली होती.

म्हणून निघण्याआधी फोन बॅगेत टाका. सिग्नलला उभे असतानाही काढू नका. सिग्नल तोडणं आणि गाडी चालवताना फोन हातात धरणं, दोन्ही आता कायद्याने धोकादायक वाहन चालवण्यात मोडतात. पण दंडाचं सोडा. घरच्यांचं आठवा.

आता मला सांगा, घाई कसली आहे? सिनेमा १९८८ चा. पुढे काय होणार हे सतरंजीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. सत्तर रुपयांचा विनोद यायच्या आधीच आजोबा हसायला लागतात. शाळेत कन्नड शिकणारी तुमची मुलगी सिनेमातल्या घरमालकाची नक्कल मराठीत करते. पहिला अर्धा तास हुकला म्हणून तुमचं काय बिघडणार? या सिनेमात कुठूनही शिरता येतं. अहो, आपण गोष्ट कळावी म्हणून तो बघतच नाही. शेजारचा कधी हसतो ते बघायला बसतो. सतरंजीवरचा एक माणूस कमी झाला, तर तोच सिनेमा त्या घरात पुन्हा लावायची कुणाची हिंमत होणार नाही.

रस्त्याने आपल्याला हसवणारी माणसंही नेली आहेत. ‘जाने भी दो यारों’ पुन्हा पुन्हा बघता ना? त्यातली पाताळयंत्री संपादक शोभा सेन म्हणजे आपल्या भक्ती बर्वे, रंगभूमीवरची ‘ती फुलराणी’. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघाताने त्यांना नेलं. वय अवघं ५२. सिनेमा आजही बघता येतो. फुलराणी मात्र रंगमंचावर पुन्हा येणार नाही.

तेव्हा एवढं करा. मुलाला मागे बसवता? त्याच्याही डोक्यावर हेल्मेट घाला. कोपऱ्यावरून चिप्स आणायला पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात स्कूटरची किल्ली देऊ नका. त्याच्या हातून काही झालं, तर कायदा पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. आणि त्या पोराच्या मनावरचं ओझं तर आयुष्यभराचं. वाटेत कुणी पडलेला दिसला, तर व्हिडिओ काढू नका. १०८ ला फोन करा, माणसाजवळ थांबा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पोलिसांना नाव सांगण्याची सक्तीही तुमच्यावर करता येत नाही. घाबरू नका, पुढे व्हा.

तुम्ही भली माणसं आहात. पूर आला की शेजाऱ्याची गाडी ढकलता, गणपतीत अनोळखी माणसालाही पंगतीला बसवता. इब्बलूरच्या चौकात आडवी येणारी ती स्कूटर, ती डबेवाली बाई, उशिरा सुटलेला एखादा सिक्युरिटीवाला, हेसुद्धा कुणाच्या तरी पंगतीतलेच. त्यांच्यासाठी चाळीस सेकंद थांबा.

आणि यजमानांनो, तुमचंही एक काम आहे. रस्त्यावर असलेल्या माणसाला “कुठवर आलास?” म्हणून फोन करू नका. फोन उचलायच्या नादात तो चौक ओलांडेल. त्यापेक्षा सगळे ऑफिसातून निघायच्या आधीच ग्रुपवर एक निरोप टाका: ‘सावकाश या. सगळे आल्याशिवाय सिनेमा लावत नाही.’ मग शब्द पाळा, खरोखरच लावू नका. हा निरोप आत्ता टाका. संध्याकाळचे पाच वाजून जातील, मंडळी गाड्या काढतील. त्याआधी टाका.