बंद घराची राखण

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून ऐवज लंपास’ हे वाक्य आपल्याकडच्या वाचकाला पाठ झाले आहे. गावाचे नाव बदलते, तोळ्यांचा आकडा बदलतो, ‘बंद घर’ तेवढे कायम राहते. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात तर या दोन शब्दांत सगळे दुखणे आले. येरळा नदीच्या पाण्यावर भागेना म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. कुणी मुंबईला माथाडीत गेले, कुणी सैन्यात, कुणी गलाईच्या धंद्यात. सोने-चांदी गाळणारी खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबे आज देशाच्या कानाकोपऱ्यात आहेत. त्यांनी परगावी कमावले आणि गावाकडे घर बांधले. ते घर यात्रेला, दिवाळीला, लग्नसराईत उघडते. एरवी दाराला कुलूप असते, नाहीतर खालच्या खोलीत एकटी म्हातारी आई असते. तालुक्याचे ठिकाण असलेल्या वडूजमध्ये घर सांभाळायचे म्हणजे बहुतेक वेळा रिकामे घर सांभाळायचे, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांसाठी दिलेले सल्ले इथे निम्मेच उपयोगी पडतात.

एखाद्या आळीत घरफोडी झाली की दोन मते लगेच ऐकू येतात. एक म्हणते, ज्याने त्याने आपले बघावे. ग्रिल बसवा, कॅमेरे लावा, पोलीस कुठे कुठे पुरणार? दुसरे म्हणते, पोरांनी काठ्या घेऊन गस्त सुरू करावी, एकदा चोर सापडला की परत कुणी फिरकणार नाही. दोन्ही मतांमागे खरी भीती आहे, म्हणून दोन्ही नीट तपासून बघायला हवीत.

आधी दारापासून सुरुवात करू. लोक कुलपावर हजार रुपये खर्च करतात आणि ते ज्या कोयंड्यात अडकवतात तो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर उभा असतो. चोर कुलपाला हात लावत नाही. तो कोयंड्याखाली कटावणी घालतो, एक हिसका देतो आणि स्क्रू लाकडासकट बाहेर येतात. कुलूप तसेच बंद, कोयंड्यासह लोंबत राहते. पंचनाम्यात ‘उचकटून’ लिहितात ते हेच. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. कोयंडा आरपार बोल्टने बसवून आतून नट आवळायचा, जुनी चौकट वाळवीने पोकळ झाली असेल तर ती आधी बदलायची. त्याहून बरे म्हणजे दाराच्या आत बसणारे इंटरलॉक. बाहेर लटकणारे कुलूप घरात कुणी नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, इंटरलॉक सांगत नाही. वेशीबाहेर बिगरशेती प्लॉटवर उठलेल्या बंगल्यांना डोक्याएवढ्या उंच कंपाऊंडच्या भिंती असतात. त्या भिंतीचा भरवसा मला वाटत नाही. गावठाणातल्या घरांची भिंतीला भिंत लागून असते, एकाच्या घरातला आवाज दुसऱ्याला ऐकू जातो. उंच भिंतीआड मात्र एकदा माणूस उतरला की त्याला तासभर निवांत काम करता येते. कंबरेएवढी भिंत आणि वर जाळी ठेवली तर अंगण रस्त्यावरून दिसत राहते.

कॅमेऱ्याबद्दल मत बनवताना मी बराच अडखळलो. दुकानाला, बाजारपेठेला, चौकाला कॅमेरा हवाच. आरोपी कोणत्या गाडीवर आला, कुठल्या रस्त्याने गेला, हे तपासात त्याच्यामुळेच जुळते, हे मान्य केले पाहिजे. पण बंद घरावरच्या कॅमेऱ्याची अडचण वेगळी आहे. साध्या डीव्हीआरमध्ये साधारण पंधरवडा ते महिनाभराचे चित्रण राहते, मग जुन्यावर नवे चढते. घरधनी कोइंबतूरला आणि चोरी कळते चार महिन्यांनी, यात्रेला घर उघडल्यावर. तोवर चित्रण पुसलेले असते. वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला तर यंत्र बंद. डीव्हीआर हॉलमधल्या टीव्हीखाली ठेवला असेल तर चोर तोही उचलून नेतो. मोबाईलवर सूचना देणारा कॅमेरा यातून वाट काढतो, पण रात्री दोन वाजता आठशे किलोमीटरवर मोबाईल वाजला तर मालक कुणाला उठवणार? शेवटी शेजाऱ्यालाच. म्हणजे कॅमेरा विकत घेण्याआधी तो शेजारी हवा. त्याच्याकडे किल्ली, मालकाचा फोन आणि संध्याकाळी दिवा लावण्याची, दारात साठलेली पत्रे उचलण्याची परवानगी हवी. भाऊबंदकीपायी किल्ली द्यायला माणूस कचरतो हे खरे आहे. पण किल्ली कपाटाची नाही, दाराची द्यायची आहे, आणि कपाटात काही ठेवायचेच नाही.

कपाटात काही ठेवायचे नाही हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. सोने घरात असले म्हणजे आधार वाटतो, लग्नकार्याला ऐनवेळी बँकेची वेळ आड येते, ही आपल्या बायकांची तक्रार रास्त आहे. तरीही सोन्याचा भाव २०२५ मध्ये तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यावर हिशेब बदलला आहे. बँकेचे लॉकर अर्थातच अधिक सुरक्षित, फक्त त्याची मर्यादा ठाऊक असावी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख, म्हणजे दोन तोळ्यांचीही भरपाई धड नाही. विम्याचेही तसेच. ‘भारत गृह रक्षा’ ही २०२१ पासूनची प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंपासाठी आहे. त्या आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरी तीत धरली जाते, एरवीची घरफोडी धरली जात नाही. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. शिवाय दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मुलांच्या मोबाईलवरही ठेवाव्यात. मुद्देमाल सापडल्यावर शंभर गंठणांतून आपले कोणते हे ओळखून द्यावे लागते, तेव्हा फोटो कामाला येतो.

गाड्यांचे थोडक्यात सांगता येईल. दुचाकी हँडल लॉकवर सोडून निर्धास्त राहू नये. चाकात साखळी घालून ती खांबाला अडकवली तर उचलून नेणे जड जाते. चारचाकी रस्त्यावर उभी करावी लागत असेल तर दिव्याखाली उभी करावी, गिअर लॉक लावावे, सीटवर बॅग दिसू देऊ नये. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीला एक पैसाही मिळत नाही, आणि पूर्ण विमा असेल तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. चोरी कळताच फिर्याद द्यावी. फिर्याद तातडीने दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटी बसवण्याचा अनेकांना वैताग आला, पण काढली की मोडणारी ती पाटी चोराला नंबर बदलू देत नाही, तेव्हा ती बसवलेली बरी.

आता गस्तीकडे वळतो, आणि इथे मला सविस्तर बोलायचे आहे.

गावाने स्वतःची राखण करणे आपल्याला नवे नाही. मराठेशाहीत या मुलखातली राखण रामोशांकडे असे. त्यांना त्याबद्दल हक्क आणि वतने होती, आणि जबाबदारीही तितकीच पक्की होती. चोरी झाली तर माग काढायचा, तो दुसऱ्या गावच्या शिवेत गेला तर तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा, माल सापडला नाही तर भरपाई करायची. पुढे १९४३ ते १९४६ या काळात पोलिसांचा वचक मोडल्यावर दरोडेखोर माजले, तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने त्यांचा बंदोबस्त केला. आजही सातारा-सांगलीत गस्तीच्या बाजूने बोलणारा माणूस त्याच दिवसांचा दाखला देतो, आणि तो अभिमान खोटा नाही. रात्री दोन-तीन वेळा बॅटरी घेऊन फेरी मारणारी चार माणसे असली की चोर त्या आळीत शिरायला कचरतो, हेही खरे.

पण अलीकडच्या तीन तारखा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवाव्या लागतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्या भागात तेव्हा चोरांच्या अफवा होत्या आणि गावकरी रात्री पहारा देत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना रस्ता विचारल्यावरून मारहाण झाली. त्यांचे जीव वाचले एवढेच. या तिन्ही ठिकाणी मार खाणारा चोर नव्हता. आणि रामोशांचेच पाहा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली त्यांच्या माथी इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, हजेरी लावली. हा शिक्का मारणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर किंवा भटक्यांच्या तळावर जाण्याची सवय गेलेली नाही. हातात काठी, अंगात झोप आणि मोबाईलवर अफवा असताना ही सवय जिवावर उठते.

कायदा घरमालकाला दुबळे ठेवत नाही. रात्रीच्या घरफोडीत चोरीचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेत १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दिवसाच्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत. रात्री घर फोडणाऱ्याला रोखताना बचावाचा हक्कही फार मोठा दिला आहे. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला तुम्ही पकडू शकता, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. पकडून बांधलेल्या माणसाला मारणे हा बचाव नव्हे.

म्हणून गस्त नको, असे मी म्हणणार नाही. ११२ ला फोन केल्यावर गाडी यायला रात्री वेळ लागतो. वडूज ठाण्याकडे शहराबरोबर आसपासची बरीच गावे आहेत. गस्त असावी, पण ती पोलीस ठाण्यात नावे नोंदवून, कोण कधी फिरले याची वही ठेवून, आणि अनोळखी माणूस दिसला तर त्याचे नाव विचारायचे, फोन लावायचा, अंगाला हात लावायचा नाही या कबुलीवर. आणि ती फुकटात नसावी. आज जागते कोण? गावात राहिलेली, शेतात राबणारी, सकाळी धार काढायला उठणारी पोरे. राखली जातात ती बहुतेक घरे त्यांची, जे परगावी सुखाने झोपले आहेत. महिनाभर उत्साह टिकतो, मग चार जणांचे दोन होतात, आणि गस्त बंद पडल्याची बातमी चोरालाही लागते. रामोशाला वतन होते म्हणून त्याच्याकडे जाब मागता येत होता. ज्याला काही दिले नाही त्याला जाब कसला विचारायचा?

प्रत्येक आळीने पगारी पहारेकरी ठेवावा, त्याचे पोलिसांकडून चारित्र्य पडताळून घ्यावे, आणि पगारातला मोठा वाटा बंद घरांच्या मालकांनी दरमहा पाठवावा. गलाईच्या गावी बसून फोनवरून दहा हजारांचा कॅमेरा मागवता येतो, तर वर्षाचे तेवढेच पैसे इथे जागणाऱ्या माणसाला देणे अवघड नाही. नगरपंचायतीने तिच्या वाटणीचे काम करावे: नव्या वसाहतींतले बंद पडलेले दिवे आठवड्याच्या आत सुरू करावेत आणि मोकळ्या प्लॉटवरची वेडी बाभूळ काढायला मालकांना नोटिसा द्याव्यात. यात्रेला सगळे गावी आले की हा विषय बैठकीत घ्यावा, वर्गणीचा आकडा तिथेच ठरवावा आणि परत जाण्यापूर्वी पहिल्या तीन महिन्यांचे पैसे जमा करून जावे.