खुलासा द्या, शिक्के मारू नका

‘कुठे आहे दडपण? कोणता छापखाना जप्त झाला? कोणता संपादक तुरुंगात गेला?’ सरकारची बाजू घेणारे हा सवाल मोठ्या आत्मविश्वासाने टाकतात आणि दाखला नागपूरचाच देतात. ‘हिंदी केसरी’साठी माधवराव सप्र्यांना 1908 साली अटक झाली, ‘देशसेवक’च्या अच्युतराव कोल्हटकरांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्याला म्हणतात गळचेपी, आज तसे काय आहे?

या युक्तिवादात गळचेपीला बेडी लागतेच असे गृहीत धरले आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारने ते केव्हाच खोटे ठरवले. 1960 साली केंद्राने दैनिकांची पाने आणि किंमत यांचे गणित बांधून दिले. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा 7 नव्या पैशांत आठवड्याला 34 पाने देत होता. नव्या हिशेबात त्याला त्याच पैशांत 24 पानेच देता येणार होती. पाने राखायची तर किंमत वाढवा, म्हणजे वाचक तुटणार. किंमत राखायची तर मजकूर कापा. एक ओळही सेन्सॉर न करता आवाज कमी करण्याची ही सोय होती. सरकारचा हेतू मात्र गोड होता: मोठ्या पत्रांपासून लहान पत्रांना वाचवायचे. सर्वोच्च न्यायालयाने तो हेतू ऐकून घेतला आणि आदेश रद्द केला. खप आणि पाने हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे निकालात बजावले गेले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर अमरावतीचे, नागपूर उच्च न्यायालयात न्यायदान केलेले. वैदर्भीयांनी याचा अभिमान बाळगावा.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. मार्च 2025 मध्ये राज्य सरकारने मीडिया मॉनिटरिंग सेंटरसाठी 10 कोटी रुपये मंजूर केले. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत बातम्यांवर नजर, वृत्तपत्रांच्या कात्रणांची सकारात्मक-नकारात्मक अशी वर्गवारी, दिशाभूल करणारी बातमी दिसली की तातडीने खुलासा. समर्थक म्हणतात, खोट्याला उत्तर देण्याचा हक्क सरकारलाही आहेच ना?

आहे, निःसंशय आहे. खुलासा जरूर द्यावा. तो न छापणारे पत्र बेजबाबदारच. पण खुलाशासाठी बातमी खरी की खोटी एवढे पाहिले की पुरते. नकारात्मक हा शिक्का कशासाठी? खाटा नसलेल्या रुग्णालयाची बातमी शंभर टक्के खरी असते आणि शंभर टक्के नकारात्मकही असते. ती त्या फायलीत गेली की पुढे तिचा उपयोग कशासाठी होतो, हे वार्ताहराला कळत नाही, आणि न कळण्यातच धाक असतो. शिवाय सरकारविषयीचे खरेखोटे सरकारनेच ठरवायचे, ही कल्पना मुंबई उच्च न्यायालयात टिकलेली नाही. केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचा नियम 20 सप्टेंबर 2024 रोजी न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांनी घटनाबाह्य ठरवला. तेही नागपुरात वर्षानुवर्षे वकिली केलेले.

‘सरकारी जाहिरात हा काही कुणाचा हक्क नव्हे,’ असेही ऐकवले जाते. अमुक जाहिरात मिळावी असा हक्क नाही, हे कबूल. पण तो पैसा मंत्र्याच्या खिशातला नाही, करदात्यांचा आहे. गोंदिया-गडचिरोलीकडच्या चार पानी दैनिकाचा गाडा निविदा सूचनांवर आणि जाहीर नोटिसांवर चालतो. तिथे बातमी थांबवायला कुणाला फोनही करावा लागत नाही. बिल अडकले, यादीतून नाव गळले की मालक आपणहून वार्ताहराला सांगतो, ‘रेतीघाटाचं सध्या राहू दे.’ लिहिलीच न गेलेली ती बातमी कोणत्याही मॉनिटरिंग सेंटरला सापडणार नाही, आणि वैनगंगेकाठच्या माणसाचे नुकसान नेमके तिथेच होते.

म्हणून मागणी सरळ आहे. खुलासा अधिकाऱ्याच्या नावानिशी आणि कागदपत्रांसह द्या. नकारात्मक हा रकानाच काढून टाका. कोणत्या पत्राला किती रुपयांच्या जाहिराती दिल्या आणि कुणाची बिले किती दिवस थकली, हे दर तिमाहीला जाहीर करा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातल्या एखाद्या आमदाराने, मग तो कोणत्याही बाकावरचा असो, ही यादी सभागृहाच्या पटलावर मागावी.