राखणदाराचे वेतन

आम्ही तुमच्यावर पाळत ठेवीत नाही, अशी ग्वाही देणारे ब्राउझर आता बरेच झाले आहेत. जाहिरातदारांच्या ससेमिऱ्याला कंटाळलेल्या माणसाला ती सुखावते, यात नवल नाही. परंतु आपण कोणत्या दुखण्याची चौकशी केली, कोठे पैसे भरले, काय वाचले, हे सारे ज्या खिडकीतून दिसते तिच्या राखणदारास केवळ त्याच्या शब्दावर नेमावे काय? त्याचे वेतन कोण देतो, हे आधी विचारलेले बरे.

या दृष्टीने 'डकडकगो'चे प्रकरण बोलके आहे. या कंपनीचा मोबाइलवरील ब्राउझर गूगल व फेसबुक यांचे माग काढणारे हेर दाराशीच अडवीत असे. मायक्रोसॉफ्टच्या काही हेरांना मात्र इतर संकेतस्थळांवर मोकळी वाट होती. मे २०२२ मध्ये एका बाहेरच्या संशोधकाने हे दाखवून दिले, तेव्हा कंपनीने खुलासा केला की, शोधसेवेसाठी मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारानेच तिचे हात बांधले होते. ऑगस्टमध्ये ती वाट बव्हंशी बंद झाली. गवगव्यापूर्वी जे जमत नव्हते, ते तीन महिन्यांत जमले!

'ब्रेव्ह'चा अपराध त्या मानाने किरकोळ. कूटचलनाच्या 'बायनान्स' या बाजाराचा पत्ता टंकला की हा ब्राउझर न विचारता त्यास आपल्या दलालीचा संकेत जोडी; जून २०२० मध्ये ते उघडकीस येताच प्रमुख ब्रेंडन आइक यांनी चूक मान्य केली. 'अ‍ॅव्हास्ट'ने मात्र कहर केला. पाठलागापासून संरक्षण देण्याच्या नावाखाली ब्राउझरला जोडायची साधने वाटायची आणि त्यांतून मिळालेला लोकांचा वाचन-इतिहास विकायचा, हा त्याचा व्यवहार. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यास १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले.

तथापि सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. 'फायरफॉक्स'ची मूळ संहिता खुली असल्याने जाणकारांना ती तपासता येते. पण त्याच्या चालक संस्थेचे बहुतांश उत्पन्न शोधसेवेच्या करारापोटी गूगलकडून येते, म्हणजे ज्याच्यापासून राखण करावयाची त्याच्याच तिजोरीतून!

'टॉर'चा उगम अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला आणि त्यास त्या सरकारचा पैसाही मिळत आला आहे. तरी त्याची रचनाच अशी की, विनंती तीन टप्प्यांतून जाते. पहिल्यास पाठविणारा ठाऊक असतो, शेवटच्यास ठिकाण, दोन्ही एकासही नाही. येथे राखणदारावर विसंबावे लागते ते फार थोडे. पण तो मंद चालतो आणि कित्येक संकेतस्थळे त्यास दार उघडीत नाहीत. रोजच्या व्यवहारासाठी आम्ही फायरफॉक्सलाच पसंती देऊ, गूगलच्या पैशाची नोंद मनाशी ठेवून.